घोगऱ्या आवाजाची बाई

कुरिअरवाल्याचा फोन येतो. "दादा, घरी आहे का? पार्सल होतं." मी म्हणते, "आहे, या." तो येतो, दार मीच उघडते आणि तो माझ्या खांद्यावरून आत डोकावत विचारतो, "दादा कुठं गेले?" अमरावतीत हे माझ्यासोबत महिन्यातून एकदोनदा तरी होतं. आधी मी खुलासा करत बसायची. आता "दादा अंघोळीला गेले" असं सांगते, सही करते आणि पार्सल घेते.

माझा आवाज जाड आहे. घोगरा म्हणा, भसाडा म्हणा, लहानपणी सगळं म्हणून झालंय. माझ्या आईचाही तसाच. घराण्यात गाणं नव्हतं, हा आवाज मात्र होता.

मध्यंतरी भाचीने व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. सत्तरी कधीच ओलांडलेली एक बाई, अंगावर कांजीवरम, केसांत गजरा, कपाळावर रुपयाहून मोठी टिकली, आणि ती गाते आहे मायली सायरसचं 'फ्लॉवर्स'. खाली भाचीचा मेसेज: "मावशी, ही तर तुझ्याच आवाजात गाते!! कोण आहे ही?"

कोण आहे ही, हे तीन ओळींत टाइप करून पाहिलं. जमलं नाही. म्हणून हा लेख.

तिचं नाव उषा उथुप. मी त्यांना उषाबाई म्हणणार. बाकीचा देश 'दीदी' म्हणतो, पण आपल्याकडे आशाबाई, किशोरीताई म्हणतात त्या रांगेत त्यांना बसवायचं तर संबोधनापासूनच सुरुवात केलेली बरी.

नोव्हेंबर १९४७ चा जन्म. तमिळ कुटुंब, वडील मुंबई पोलिसांत. भायखळ्याला वाढल्या, सेंट ॲग्नेस शाळेत शिकल्या. शेजारी पठाण नावाचं पोलीस अधिकाऱ्याचंच कुटुंब, त्यांच्या मुलीच्या संगतीने हिंदीची आणि शास्त्रीय गाण्याची गोडी लागली. घरात रेडिओ, आणि रेडिओवर जे लागेल ते. मोठ्या बहिणी आधीपासून गात होत्या. वयाच्या नवव्या वर्षी ही धाकटी रेडिओ सिलोनच्या 'ओव्हल्टीन म्युझिक अवर'मध्ये इंग्रजी गाणं गायली.

इथे एक मजेशीर दुवा आहे. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार करणारे मंत्री बा. वि. केसकर मराठीच होते. १९५२ साली त्यांनी रेडिओचं शुद्धीकरण काढलं आणि सगळा देश सुई फिरवून सिलोनवर गेला. वऱ्हाडातही ज्यांच्याकडे रेडिओ होता ते संध्याकाळी खरखर सहन करत सिलोनच ऐकायचे. म्हणजे काय गावं आणि काय गाऊ नये हे वरून ठरवलं गेलं, त्या काळाच्या फटीतून या मुलीचा आवाज पहिल्यांदा बाहेर आला. पुढे हाच प्रसंग वेगळ्या रूपात तिच्यासमोर पुन्हा उभा राहणार होता.

शाळेतली गोष्ट त्यांनी बऱ्याच मुलाखतींत सांगितली आहे. संगीताच्या वर्गात त्यांना गायनात घेतलं नाही, आवाज बसत नाही म्हणून. पण मुलीला गाण्याचं अंग आहे हे शिक्षकांच्या लक्षात आलं असावं, कारण तिच्या हातात टाळ्या वाजवायची लाकडी पट्टी आणि ट्रँगल दिला गेला. ट्रँगल म्हणजे ती लोखंडी तिकोनी कांब, दांडीने टिंग करून वाजवायची.

माझ्याकडेही अशीच गोष्ट आहे, फक्त तिच्यात ट्रँगल नाही. अकोल्याला पाचवीत असताना गॅदरिंगच्या समूहगीतात माझी निवड झाली होती. बाईंनी पेटीवर काळी चार धरली. सगळ्या मुली वर चढल्या आणि मी खालीच राहिले. बाई माझ्याजवळ आल्या, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून वाकल्या आणि म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव." त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी पूर्ण गीतभर ओठ हलवले. बक्षीसही मिळालं आम्हाला.

उषाबाईंची ही गोष्ट हल्ली प्रेरणादायी भाषणांत वापरतात: वर्गातून काढलेली मुलगी, बघा कुठे पोचली. मला त्यात रस नाही. मला ट्रँगलमध्ये रस आहे. गायनातून काढून तालात बसवलेली मुलगी पुढे गायली ती तालाच्या बाजूने. त्यांचं कुठलंही गाणं हेडफोन लावून ऐका. ताना नाहीत, मुरक्या नाहीत, स्वरावरून स्वरावर घसरत जाणं फारच कमी. भर आहे तो व्यंजनांवर. 'रंबा हो'मधला 'र' आणि 'ब' त्या ढोलकीवर थाप मारल्यासारखे टाकतात आणि 'हो'ला छातीतून हवा सोडतात. लताबाईंकडे शब्द सुरात विरघळतो. इथे शब्दच वाजतो. हे कमी नाही आणि जास्तही नाही, हे वेगळं वाद्य आहे. आपण मात्र पन्नास वर्षं व्हायोलिनच्या परीक्षेत नगारा बसवून त्याला नापास करत आलो.

१९६९ च्या सुमारास त्या मद्रासच्या माउंट रोडवरच्या 'नाइन जेम्स' नावाच्या नाइटक्लबात गाऊ लागल्या. मग कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरचं 'ट्रिंकाज', मग दिल्लीचं ओबेरॉय. तेव्हाच्या रेकॉर्डवर नाव असायचं उषा अय्यर. दिल्लीत देव आनंद आणि त्यांच्या मंडळींनी ऐकलं आणि 'हरे रामा हरे कृष्णा'चं बोलावणं आलं. १९७१ चा सिनेमा. 'दम मारो दम' गायलं आशाबाईंनी, त्या गाण्याने त्यांना फिल्मफेअर मिळवून दिलं, आणि उषाबाईंच्या वाट्याला आल्या इंग्रजी ओळी. त्यानंतर सिनेमाने त्यांना अनेक वर्षं याच कोपऱ्यात ठेवलं: गाण्यात थोडं 'बाहेरचं' हवं असलं की बोलवायचं.

तुमच्यापैकी बहुतेकांनी पार्श्वगायन ही गोष्ट जन्मापासून पाहिलीय, त्यामुळे ती किती चमत्कारिक आहे हे जाणवत नाही. एक बाई गाते आणि दुसरीच दिसते. आवाजाला अंग उसनं मिळतं. आणि कुठल्या आवाजाला कुठलं अंग द्यायचं याचे हिंदी सिनेमात पक्के नियम होते. उंच, बारीक, कोवळा आवाज नायिकेला. तो आवाज जिच्या तोंडी ती लग्नाची. जाड, खालचा, दम असलेला आवाज क्लबात नाचणारीला, आणि ती शेवटच्या रिळापर्यंत गोळी खाऊन मरते किंवा मधेच गायब होते. 'प्यारा दुश्मन'मधलं 'हरि ओम हरि' (१९८०) आणि 'अरमान'मधलं 'रंबा हो' (१९८१), दोन्ही बप्पी लाहिरींची, दोन्हींत पडद्यावर कल्पना अय्यर. ती उत्तमच नाचली आहे, तक्रार तिच्याबद्दल नाही. तक्रार ही की उषाबाईंचा आवाज कानावर पडला की डोळ्यांसमोर चमचमते कपडे आणि दारूचे ग्लास आलेच पाहिजेत अशी सवय आपल्याला लावली गेली. माझ्यासारख्या आवाजाच्या मुलींना वर्गात 'व्हॅम्प' म्हणायचे, त्यामागे एवढा मोठा कारखाना होता हे मला फार उशिरा कळलं.

ही सवय मोडली टीव्हीने. निदान आमच्या घरात तरी.

मुंबईला दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. आमच्याकडे त्याची फक्त बातमी आली. १९८२ ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रंग आला, एशियाड झालं. १९८४ मध्ये सरकारने देशभर लहान प्रक्षेपकांचा सपाटा लावला, काही महिने तर जवळजवळ रोज एक. वऱ्हाडातल्या गल्ल्यांत टीव्ही शिरला तो या लाटेत. एका गल्लीत एक टीव्ही, गच्चीवर अँटिना फिरवणारा एक पोरगा, खालून ओरडणारी दहा माणसं, "आलं, आलं... गेलं!" रविवारी आणि बुधवारी तर शेजारच्या काकूंच्या घरी सतरंज्या टाकाव्या लागायच्या.

तिथेच कधीतरी माझ्या आईने उषा उथुप पाहिल्या. 'रंबा हो' तिने आधी हजारदा ऐकलं होतं, लग्नाच्या मांडवातल्या भोंग्यावर, गणपतीत. ते गाणारी बाई कशी असेल याचं चित्र तिच्या डोक्यात तयार होतं आणि ते चित्र आम्हा मुलींना सांगण्यासारखं नव्हतं. आणि टीव्हीवर आली ती अंगभर जरीचं पातळ नेसलेली, भरगच्च बांगड्या, गजरा, कुंकू, चांगल्या खात्यापित्या घरची बाई. हातात माइक. खळखळून हसते काय, समोरच्यांना टाळ्या वाजवायला लावते काय. आई सतरंजीवरून अर्धी उठली. "अवं, हे बाई गाते का थे गानं? हे तं आपल्या मोठ्या जाऊबाईवानी दिसून राह्यली!"

मला वाटतं हे वाक्य म्हणजे उषाबाईंवर लिहिली गेलेली पहिली टीका आहे, आणि माझी बाकीची टीका तिचाच विस्तार. पडद्यामागचा आवाज टीव्हीने त्याच्या मूळ देहाला परत केला. आणि तो देह बघणाऱ्या बाईच्या ओळखीचा निघाला. मोठ्या जाऊबाईंना क्लब माहीत नव्हता, पण घसा होता, रेटा होता, चार माणसांत मोठ्याने बोलायची हिंमत होती. त्यांना कुणी वाईट बाई म्हणालं नव्हतं.

साडीबद्दल बरंच लिहिलं गेलंय. क्लबात साडी नेसून गायल्या म्हणून धाडसी, संस्कृती जपली म्हणून थोर, वगैरे. त्या स्वतः सांगतात की मध्यमवर्गीय घरात साडीच नेसायचे म्हणून साडीच नेसले, त्यात काही विचार नव्हता. मला हे पटतं. पण साडीने त्यांना वाचवलं असा जो सूर या लेखनात असतो तो मात्र खोटा आहे. १९८३ च्या सुमारास पश्चिम बंगालच्या डाव्या सरकारातले मंत्री जतीन चक्रवर्ती यांनी त्यांच्या गाण्याला 'अपसंस्कृती' ठरवलं आणि सरकारी सभागृहं बंद केली. तेव्हाही त्या साडीतच होत्या. कपाळावर टिकली होती, केसांत फुलं होती. काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो कोर्टाचा. त्या न्यायालयात गेल्या आणि जिंकल्या. आज त्यांच्या टिकलीवर बंगाली 'क' असतो, कोलकात्याचा. ज्या शहराच्या मंत्र्याने दार लावलं त्याच शहराचं अक्षर कपाळावर मिरवायचं, याला मी भाबडेपणा समजत नाही.

केसकरांचं शुद्धीकरण आणि चक्रवर्तींची अपसंस्कृती यांत तीस वर्षांचं अंतर आहे. एक काँग्रेसचे, एक डावे. पण लोकांनी काय ऐकून बिघडू नये याची काळजी दोघांना सारखीच.

आता मला जे खरं म्हणायचंय ते म्हणते. काही वाचक रागावतील, रागवा.

उषा उथुप यांना 'पॉप सिंगर' म्हणतात आणि लगेच त्यांची तुलना परदेशी गायिकांशी होते. मी अमरावतीची आहे, मला तुलना दुसरीच सुचते. त्यांचा एखादा अख्खा कार्यक्रम यूट्यूबवर पाहा, एक गाणं नको, अख्खा कार्यक्रम. त्या येतात, गात नाहीत, आधी बोलतात. कुठून आलात विचारतात. मागच्या रांगेला ऐकू येतंय का विचारतात. गाणं सुरू करतात, मधेच थांबवतात, एक ओळ लोकांकडून म्हणून घेतात, नीट म्हटली नाही तर हसत हसत झापतात, पुन्हा म्हणायला लावतात. बंगाल्यांत बंगाली, मल्याळ्यांत मल्याळी, पंजाब्यांत पंजाबी. एक तासाने सभागृहात गायिका एक नसते, दोन हजार असतात.

हे कुठे पाहिलंय? आमच्या जिल्ह्यात पाहिलंय. शेंडगावला १८७६ साली जन्मलेल्या डेबूजीने, म्हणजे गाडगेबाबांनी, हेच केलं. त्यांच्या एका कीर्तनाचं ध्वनिमुद्रण यूट्यूबवर आहे, जरूर ऐका. त्यात प्रवचन फार थोडं आहे. प्रश्न आहेत. बाबा विचारतात, लोक उत्तर देतात, बाबा उत्तरावर पुन्हा प्रश्न टाकतात, आणि मधे मधे सगळ्यांचा मिळून गजर. आवाज कसा? गोड नाहीच. खरखरीत, तुटका, रस्त्यावरचा. शास्त्रीय कीर्तनकाराच्या कसोटीवर तो आवाज पहिल्याच फेरीत बाद झाला असता. तुकडोजी महाराजांची खंजिरीही तशीच, मोझरीहून निघून देशभर फिरली ती मराठी आणि हिंदी दोन्ही भाषा घेऊन. आजही अकोल्याकडचे सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या मांडून बसतात तेव्हा गाणं कुठं संपलं आणि गप्पा कुठं सुरू झाल्या हे सांगता येत नाही.

गाडगेबाबा कुठे आणि नाइटक्लब कुठे, हा आक्षेप मला घरातूनच ऐकावा लागला आहे. आशयाची तुलना मी करत नाहीये. बाबा लोकांना कर्ज काढून सण करू नका, पोरं शिकवा म्हणून सांगत होते. उषाबाई लोकांना नाचवत होत्या. मी बोलतेय ते रीतीबद्दल. समोरचा माणूस प्रेक्षक राहता कामा नये, त्याचं तोंड उघडलं पाहिजे, आणि त्यासाठी गाणाऱ्याचा आवाज असा हवा की ऐकणाऱ्याला वाटावं, हे मलाही जमेल. लताबाईंचं गाणं ऐकताना आपण गप्प होतो. व्हायलाच पाहिजे. पण सगळीच गाणी गप्प बसवण्यासाठी नसतात. काही गाणी गर्दीची असतात आणि त्यांना खालची पट्टी लागते, कारण गर्दी काळी चारमध्ये गाऊ शकत नाही. हे साधं गणित संगीताच्या बाईंना पाचवीत समजलं असतं तर ओठ मी हलवले नसते, बाकीच्या वीस मुलींनी खाली यायचं होतं.

इतकं कौतुक झालं, आता तक्रारी.

पहिली, दुसऱ्यांची गाणी. उषाबाईंच्या कारकिर्दीचा फार मोठा भाग हा दुसऱ्यांनी गाजवलेल्या गाण्यांचा आहे. साठच्या दशकात 'जांबालाया', आता 'फ्लॉवर्स'. मंचावर हे शोभतं, पण मंच उठला की मागे काय राहतं? त्यांच्यासाठी म्हणून केलेली सिनेमातली गाणीसुद्धा बऱ्याचदा उसनीच. 'हरि ओम हरि' म्हणजे इरप्शन या गटाने डिस्कोत गाजवलेलं 'वन वे तिकीट'. 'डिस्को डान्सर'मधलं 'कोई यहाँ नाचे नाचे' म्हणजे बगल्स या इंग्रजी जोडीचं १९७९ चं गाणं, ज्याचा विषयच असा की व्हिडिओने रेडिओच्या गायकाला मारलं. अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा तेच गाणं दाखवलं गेलं. रेडिओ सिलोनवर जन्मलेली आणि टीव्हीवर देह सापडलेली गायिका तेच गाणं हिंदीत गाते, यापेक्षा मोठा योगायोग नाही, आणि बप्पीदांनी शब्द बदलून त्याची पार्टी करून टाकली. माझी हळहळ चोरीबद्दल कमी आणि त्या विषयाबद्दल जास्त आहे. तो विषय गायचा अधिकार या देशात कुणाला असेल तर या बाईला होता.

दुसरी तक्रार जास्त गंभीर, आणि तिचा रोख त्यांच्यापेक्षा संगीतकारांकडे. या आवाजाला कुणी रडू दिलं नाही. वीस-पंचवीस वर्षं सगळे नाचवत राहिले. आर. डी. बर्मन यांनी 'शान'चं शीर्षकगीत दिलं, ते तर नामावलीवरच वाजतं, म्हणजे तिथे पडद्यावर उसनं अंगसुद्धा नाही. जाड आवाजाच्या बाईला दुःख होत नाही असा काही समज असावा. मला तो परिचयाचा आहे. घरात कुणी गेलं की बारीक आवाजाच्या बायकांना पाणी देतात, आम्हाला म्हणतात, "तू घट्ट आहेस, फोन तेवढे कर सगळ्यांना."

शास्त्रीय संगीताने हा समज केव्हाच मोडला होता. गंगूबाई हनगलांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषी वाटावा इतका भारदस्त झाला आणि त्याच आवाजाने त्यांनी पुढची अनेक दशकं गाजवली. लावणीत सुलोचना चव्हाणांचा ठसका होता. पण मधला जो मोठा प्रदेश, भावगीत आणि सिनेमाचं गाणं, जिथे मध्यमवर्गीय मराठी घर आपली मुलगी ऐकायला बसतं, तिथे जाड आवाजाला जागा नव्हती. उषाबाई मुंबईत वाढल्या, भायखळ्याच्या गल्लीत मराठी ऐकत मोठ्या झाल्या. पंधराहून जास्त भारतीय भाषांत गायल्या. माझ्या ओळखीत गाण्याची चांगली जाण असलेले निदान दहा मराठी लोक आहेत, त्यांतल्या एकालाही त्यांचं एखादं मराठी गाणं पटकन सांगता आलं नाही. केनियात मात्र त्या स्वाहिली गायल्या आणि जोमो केन्याटांनी त्यांना तिथलं मानद नागरिकत्व दिलं. नैरोबीला जो आवाज आपला वाटला तो दादरला परकाच राहिला. पुढे २००२ मध्ये वैशाली सामंतचं 'ऐका दाजिबा' आलं, अवधूत गुप्तेचं, आणि मराठीत पॉप म्हणून काहीतरी आहे असं सगळ्यांना एकदम वाटलं. छान गाणं आहे, मी कॉलेजच्या पोरींबरोबर नाचलेय त्यावर. पण तो आवाजही पुन्हा कोवळाच.

तर २०११. विशाल भारद्वाज यांचा 'सात खून माफ'. रेखा भारद्वाज आणि उषा उथुप यांचं 'डार्लिंग', रशियन लोकगीताच्या चालीवर बेतलेलं. गाणं नाचाचंच आहे, पार्टीचंच आहे, पण ते ज्या सिनेमात येतं त्यात एक बाई एकामागून एक नवरे संपवते आहे. म्हणजे या हास्याच्या खाली काय दडलंय ते सगळ्यांना ठाऊक असतं. रेखाताईंचा धुरकट आवाज आणि त्याच्या मागून येणारा हा नगारा. चाल हळू सुरू होते, मग वेग वाढत जातो, आणि वेग वाढतो तसं उषाबाई आवाज वर नेत नाहीत, खालीच ठेवून रुंद करत जातात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी राजापेठेत स्कूटी बाजूला घेऊन थांबले होते. शिवाय या सिनेमात त्या स्वतः पडद्यावरही आहेत, मोलकरणीच्या भूमिकेत. या गाण्याने त्यांना पार्श्वगायनाचं पहिलं फिल्मफेअर मिळालं, चौसष्टाव्या वर्षी. 'दम मारो दम'च्या इंग्रजी ओळींनंतर चाळीस वर्षांनी. त्याच वर्षी पद्मश्री, २०२४ मध्ये पद्मभूषण. पुरस्कारांची यादी इथेच थांबवते, ती तुम्हाला विकिपीडियावर मिळेल.

'फ्लॉवर्स'चा तो व्हिडिओ भाचीने पाठवला तेव्हा मी अकोल्याला आईकडे होते. आईला दाखवला. तिला आता नीट ऐकू येत नाही, मी फोन तिच्या कानाला लावला. तिने तो कानापासून दूर धरला आणि चेहरा बारकाईने पाहिला. "म्हतारी झाली वं," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पन खाली नाही आली." मी म्हटलं, आवाज खालीच तर आहे तिचा. आई म्हणाली, "थे नाही म्हनून राह्यली मी."

आमच्याकडे भुलाबाई असतात. भाद्रपदाच्या पौर्णिमेला मातीच्या भुलाबाई-भुलोजी मांडायच्या ते कोजागिरीपर्यंत, रोज संध्याकाळी पोरी जमून गाणी म्हणतात आणि मग खिरापत ओळखायची. या गाण्यांना पेटी नसते. जी पहिली ओळ उचलेल तिची पट्टी, बाकीच्यांनी तिच्या मागे यायचं. आमच्या गल्लीत वर्षानुवर्षं पहिली ओळ आईच उचलायची. मी हे लहानपणी शेकडो संध्याकाळी पाहिलं होतं आणि तरी गॅदरिंगच्या वेळी मला हे आठवलं नाही.

या कोजागिरीला भाची पुण्याहून आली होती, रील करायला. पोरी थोड्याच होत्या, गल्लीतल्या बऱ्याचशा घरांना आता कुलुपं आहेत. आई खुर्चीवर बसली होती. कुणीतरी मोबाइलवर चाल लावली, कुठल्याशा गायिकेने स्टुडिओत गायलेली, उंच, गोड. पोरी तिच्या मागे चढायला लागल्या आणि अर्ध्या वाटेवर फाटल्या. हसाहशी झाली. आई म्हणाली, "बंद करा थे." आणि तिने उचललं, तिच्या पट्टीत, जिथून मी बोलते तिथून. पहिली ओळ एकटीच म्हणाली. दुसऱ्या ओळीला मी गेले. मग पोरी एकेक करून खाली उतरल्या, भाचीने फोन खाली ठेवला आणि तीही आली.

खिरापतीला काय होतं ते कुणालाच ओळखता आलं नाही. मुरमुऱ्याचा चिवडा होता, नेहमीचाच.